कुठली सिस्टिम घ्यावी? सोलापूरच्या वाचकांचे प्रश्न

टेबलटॉप रोलप्लेइंग गेम्सच्या, म्हणजे टेबलाभोवती बसून एकेका पात्राची भूमिका करत मिळून कथा रचायच्या खेळांच्या, या सदरासाठी या वेळी आलेली बहुतेक पत्रं सोलापूर शहरातली आणि आसपासची आहेत. जवळपास सगळ्यांचा प्रश्न एकच: सगळ्यांत चांगली सिस्टिम कुठली? फासे कधी टाकायचे आणि पडलेल्या दानाचं पुढे काय करायचं, हे सिस्टिम ठरवते. एखाद्या पुस्तकात लढाईला शंभर पानं असतात, एखाद्यात वेड लागण्याचे नियम असतात, एखाद्यात चोरीनंतर मागे लागणाऱ्या माणसांचे. ज्या गोष्टीला पानं जास्त, तिकडेच टेबलावरचा वेळ जातो. त्यामुळे उत्तरं देताना आधी तुमचं टेबल पाहिलं आहे, पुस्तक नंतर.

प्रश्न: विजापूर रोडला राहणारे आम्ही पाच विद्यार्थी. एकाकडे डंजन्स अँड ड्रॅगन्सचं २०१४ चं प्लेअर्स हँडबुक आहे. दुसरा म्हणतो, पाथफाइंडरची दुसरी आवृत्ती जास्त नीट बांधलेली आहे आणि फुकट वाचायला मिळते. दर रविवारी तीन तास खेळायचंय. कुणाचं ऐकावं?

पहिल्यांदाच खेळत असाल तर ज्याच्याकडे पुस्तक आहे त्याचं. सहा महिने खेळून झाले असतील आणि लढाया फिक्या वाटायला लागल्या असतील, तर दुसऱ्याचं.

२०१४ चं पुस्तक डी अँड डीच्या पाचव्या आवृत्तीचं आहे आणि तिची ताकद तिच्या सोपेपणात आहे. डी२०, म्हणजे वीस बाजूंचा फासा, टाका, बोनस मिळवा, ठरलेला आकडा गाठा. सोप्या कामाला १०, मध्यमला १५, अवघडला २०. परिस्थिती अनुकूल असेल तर अ‍ॅडव्हांटेज, म्हणजे दोन डी२० टाकून मोठा घ्यायचा. +५ बोनस असलेल्याला १५ गाठायची शक्यता ५५ टक्के असते. अ‍ॅडव्हांटेज मिळालं की ती जवळपास ८० होते, डिसअ‍ॅडव्हांटेज आलं की ३० वर येते. नव्या जीएमला (गेम मास्टर, म्हणजे खेळ चालवणाऱ्याला) डझनभर छोटे मॉडिफायर पाठ करावे लागत नाहीत, हा फार मोठा फायदा आहे. प्रोफिशियन्सी बोनसही, म्हणजे पात्राला नीट येणाऱ्या कामाचा बोनस, पहिल्या लेव्हलला +२ आणि सतराव्यापासून +६, एवढाच वाढतो. त्यामुळे गोब्लिनांची टोळी पाचव्या लेव्हललाही थोडीफार डोकेदुखी ठरते.

तुमचा त्रास वेगळ्या ठिकाणी होणार आहे. ही आवृत्ती दिवसभरात बऱ्याच लढाया होतील असं धरून बांधलेली आहे. २०१४ चं डंजन मास्टर्स गाइड एका दिवसात मध्यम ते अवघड अशा सहा ते आठ चकमकी गृहीत धरतं. तीन तासांच्या रविवारी एक, फार तर दोन लढाया होतात. मग विझर्ड आणि पॅलाडिन या क्लासची (पात्रप्रकारांची) पात्रं सगळी शक्ती पहिल्याच लढाईत ओततात, फायटर आणि वॉरलॉक बाजूला उभे राहतात आणि जीएमला वाटतं आपले राक्षस कमकुवत आहेत. राक्षसांचे एचपी (हिट पॉइंट, म्हणजे किती इजा सोसता येते तो आकडा) वाढवू नका. सेशन संपलं म्हणून रात्र झाली असं धरायचं थांबवा: एकाच दिवसाची गोष्ट दोन-तीन रविवार चालू द्या आणि लाँग रेस्ट (शक्ती परत देणारी मोठी विश्रांती) फक्त गावात किंवा सुरक्षित जागी मिळेल असं जाहीर करा. त्याच गाइडमध्ये शॉर्ट रेस्ट आठ तासांची आणि लाँग रेस्ट सात दिवसांची करणारा पर्यायी नियमही आहे. प्रवासाच्या कथांना तो चांगला बसतो, गुहेतल्या मोहिमेला नाही.

आता पाथफाइंडर. २०१९ साली आलेल्या दुसऱ्या आवृत्तीत प्रत्येकाला पाळीत तीन अ‍ॅक्शन मिळतात. चालणं एक, वार एक, ढाल उचलणं एक, बहुतेक मंत्र दोन. शिकायला हे डी अँड डीच्या अ‍ॅक्शन, बोनस अ‍ॅक्शन, मूव्हमेंट अशा वाटणीपेक्षा सोपं जातं. अवघड भाग पुढे आहे. ठरलेल्या आकड्यापेक्षा १० ने जास्त आलं तर क्रिटिकल यश, १० ने कमी आलं तर क्रिटिकल अपयश. त्यामुळे एकेका +१ ला वजन येतं. समजा, लागण्यासाठी १० हवेत. वीसपैकी दहा दानांवर साधा वार लागतो आणि फक्त २० वर क्रिटिकल. कुणी +१ मिळवून दिला की साधे वार दहाच राहतात, पण क्रिटिकलची दानं दोन होतात. क्रिटिकलला दुप्पट इजा धरली तर सरासरी इजा साधारण सतरा टक्क्यांनी वाढते. म्हणून इथे शत्रूला घाबरवणारा किंवा पाडणारा भिडू तलवार चालवणाऱ्याइतकाच कामाचा असतो.

डी अँड डीहून आलेली मंडळी हमखास एक चूक करतात: तीन अ‍ॅक्शन म्हणजे तीन वार. दुसऱ्या वाराला −५ आणि तिसऱ्याला −१० बसतो, हलक्या शस्त्रांना −४ आणि −८. तिसरा वार जवळजवळ वायाच जातो, वर क्रिटिकल अपयशाला आमंत्रण. त्या अ‍ॅक्शनमध्ये ढाल उचला, एसी (तुम्हाला वार लागायला शत्रूने गाठायचा आकडा) दोनाने वाढेल. नाहीतर धमकवा, नाहीतर एक पाऊल मागे सरका म्हणजे शत्रूची एक अ‍ॅक्शन जवळ येण्यात खर्ची पडेल.

जीएमला मात्र पाथफाइंडर जास्त सांभाळून घेतं. चार भिडूंसाठी मध्यम चकमकीचं बजेट ८० एक्सपी (अनुभव-गुण), जबर १२०, टोकाची १६०. पार्टीच्या (भिडूंच्या पात्रांच्या गटाच्या) लेव्हलचा एक प्राणी ४० ला पडतो, दोन लेव्हल वरचा ८० ला, तीन वरचा १२० ला. हे गणित खरोखर जमतं. डी अँड डीत चॅलेंज रेटिंगवरून (राक्षसाच्या ताकदीच्या आकड्यावरून) काढलेला अंदाज वरच्या लेव्हल्सना वारंवार चुकतो. फक्त एवढं लक्षात असू द्या, की पाथफाइंडरचं बजेट प्रत्येक लढाईला सगळे जवळजवळ पूर्ण एचपीवर आहेत असं मानतं. लढाई संपली की दहा मिनिटांचं ट्रीट वूंड्स (जखमांवर उपचार) करून घ्या, जखमी पार्टीला ‘मध्यम’ लढाईत ढकलू नका. नियम सगळे आर्काइव्ज ऑफ नेथिस या अधिकृत संकेतस्थळावर फुकट आहेत, तेव्हा तुमचा मित्र त्या बाबतीत बरोबरच आहे. पण डी अँड डीचेही मूळ नियम एसआरडी (सिस्टिम रेफरन्स डॉक्युमेंट) या दस्तऐवजाच्या रूपात मोफत मिळतात. खर्चावरून भांडायचं कारण उरत नाही.

प्रश्न: अशोक चौकातला आमचा ग्रुप. दोघांच्या घरी तेलुगू, एकाच्या घरी कन्नड, बाकी मराठी. टेबलावर सगळे मराठीच बोलतो, पण इंग्रजी पुस्तक वाचायला एकट्यालाच जमतं. प्रत्येक नियमासाठी त्याच्याकडे बघावं लागतं. कमी वाचनात चालणारी, तरी खोली असलेली सिस्टिम सांगा.

तुम्हाला हवी ती पॉवर्ड बाय दी अपोकॅलिप्स घराण्यातली सिस्टिम. २०१० च्या अपोकॅलिप्स वर्ल्डपासून हे घराणं सुरू झालं. तलवार-जादूची कथा हवी असेल तर त्यातलं डंजन वर्ल्ड घ्या.

सगळा खेळ ‘मूव्ह’ नावाच्या छोट्या परिच्छेदांवर चालतो आणि भिडूला लागणाऱ्या बहुतेक मूव्ह त्याच्या शीटवर (पात्राच्या माहितीच्या कागदावर) छापलेल्या असतात. दोन साधे फासे टाकून बोनस मिळवायचा. १० किंवा वर आलं तर काम फत्ते. ७ ते ९ आलं तर काम होतं पण किंमत मोजून. ६ किंवा खाली आलं की जीएम काहीतरी वाईट घडवतो. जीएम जवळपास फासे टाकतच नाही. उदाहरणार्थ समोरासमोरच्या लढाईत ७–९ आलं तर तुमचा वार लागतो आणि समोरच्याचाही तुम्हाला लागतो. राक्षसाची वेगळी पाळी नाही, इनिशिएटिव्ह (पाळीचा क्रम ठरवणं) नाही.

बोनसचा परिणाम नीट पाहून ठेवा. +० ला पूर्ण यश सुमारे १७ टक्के, अर्धं यश ४२, अपयश ४२. +१ ला २८, ४४, २८. +२ ला ४२, ४२, १७. +३ ला ५८, ३३ आणि अपयश फक्त ८. म्हणजे +३ ची मूव्ह असलेला भिडू सतत तीच वापरू पाहणार. डंजन वर्ल्डमध्ये ६ किंवा खाली आल्यावर एक अनुभव-गुण मिळतो, तो याच सवयीला लगाम म्हणून आहे. ही खूण करायला विसरू नका.

मराठीकरणाचं काम एका संध्याकाळचं आहे. डंजन वर्ल्डचा मजकूर क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली असल्याने मूळ लेखकांचा उल्लेख ठेवून भाषांतर वाटायलाही हरकत नाही. सुरुवातीला फक्त सगळ्यांना लागू असलेल्या मूव्ह घ्या, प्रत्येक ए-४ च्या पाव पानावर. ‘जेव्हा तुम्ही…’ अशी सुरुवात करा, मग १०+ चा निकाल, खाली ७–९ चा. क्लासच्या मूव्ह सगळ्या उतरवायची घाई नको. प्रत्येकाने आपल्या दोन-तीन सांगायच्या, वाचणाऱ्याने त्या उतरवून द्यायच्या. लेव्हल वाढेल तशी एकेक भर घाला. आकडे आणि एचपी, एक्सपी हे शब्द आहेत तसेच ठेवा, ते भाषांतरित केले की उलट गोंधळ होतो.

बिघडतं ते बहुधा ७–९ वर. तिसऱ्या तासाला जीएमला किंमत सुचेनाशी होते आणि प्रत्येक वेळी ‘तुझा डी६ एचपी गेला’ एवढंच ऐकू येतं. खेळाआधी एका कागदावर त्या जागेपुरत्या दहा किमती लिहून ठेवा: दिवा विझतो, दोर झिजतो, कुणीतरी पाहतं, हातातली वस्तू खाली पडते, मित्राची वाट बंद होते. वापरली की खोडा. दुसरा बिघाड म्हणजे उगाच फासे टाकणं. दार उघडं आहे आणि मागे कुणी लागलेलं नाही, तर मूव्ह नाहीच. तिथेही फासे टाकायला लावलेत तर दर दुसऱ्या-तिसऱ्या दाराला आपत्ती येईल आणि कथा हास्यास्पद होईल.

त्याहूनही कमी नियम हवे असतील तर केर्न पाहा. पुस्तिका लहान, मोफत, आणि तिच्याही परवान्यात भाषांतराला मुभा आहे. इथे वार लागला की नाही यासाठी फासा टाकतच नाहीत, थेट इजेचा टाकतात. एचपी संपले की इजा शक्तीच्या आकड्यातून वजा होते आणि शक्तीवर सेव्ह (बचावाचं दान) चुकला तर माणूस कोसळतो. सामानाला दहाच जागा, दहाही भरल्या की एचपी शून्य. लढाई टाळून डोकं चालवणाऱ्यांचा हा खेळ आहे. कॅरेक्टर दोन वर्षं वाढवत न्यायची हौस असेल तर महिनाभरात कंटाळाल.

प्रश्न: १९२०–३० च्या काळातल्या सोलापुरात, कापड गिरण्यांच्या वस्तीत भयकथा चालवायची आहे. कॉल ऑफ क्थुलू घ्यावं असं सगळे सांगतात. त्यात तपास अडकतो अशी तक्रारही ऐकली. खरं आहे का?

खरं आहे आणि त्यावर उपायही आहे. तुमची निवड चुकलेली नाही: १९८१ पासून चालत आलेल्या या सिस्टिमचा नेहमीचा काळच १९२० चं दशक आहे, त्यामुळे शस्त्रं, मोटारी, टेलिफोन, वर्तमानपत्रांची कात्रणं हे सगळं तयार मिळतं. बदलावं लागेल ते समाजाचं चित्र आणि पैसा.

कौशल्यं टक्क्यांत लिहिलेली असतात आणि शंभरात तेवढं किंवा त्याखाली दान आणायचं. कधीच न खेळलेल्या माणसालाही ‘गाणं ४५ टक्के’ लगेच कळतं. अवघड कामाला निम्मं, फारच अवघड कामाला पाचवा हिस्सा. परिस्थिती साथ देत असेल तर बोनस डाय: दशकाचे दोन फासे टाकून लहान घ्यायचा. ५० टक्क्यांचं कौशल्य त्याने ७५ वर जातं.

अडकतं ते असं. ‘वस्तू हेरणं’ हे कौशल्य मुळात २५ टक्के असतं. चौघांनी त्यावर पॉइंट घातले नसतील आणि चौघांनीही दान टाकलं, तरी सगळेच चुकण्याची शक्यता ३२ टक्के आहे. त्या एका दानावर पुढच्या खोलीची किल्ली टांगली असेल तर तीनातला एक खेळ तिथेच मेला. नियमपुस्तकात पुश करण्याची सोय आहे: पद्धत बदलून पुन्हा टाका, पण चुकलात तर जीएम मोठा फटका देतो. ही सोय वापरा, पण तेवढ्याने भागवू नका. जी गोष्ट कळल्याशिवाय कथा पुढे जात नाही ती फाशाविना द्या. फासा ठरवेल ती किंमत: मुकादमाला संशय आला का, रात्र उलटून गेली का, पाळीचा भोंगा झाल्यावर गेट बंद झालं का. प्रत्येक महत्त्वाच्या निष्कर्षाकडे नेणारे किमान तीन दुवे वेगवेगळ्या ठिकाणी ठेवा. हजेरीपटावर एकच अंगठा दोन नावांपुढे, दवाखान्याच्या वहीतली नोंद, भांडारातून कमी झालेलं सूत. हीच समस्या मुळातून सोडवणारी गमशू ही वेगळी सिस्टिम आहे आणि ट्रेल ऑफ क्थुलू तिच्यावर चालतं. त्यात योग्य कौशल्याचा माणूस योग्य जागी पोचला की दुवा मिळतोच. तपास हाच तुमचा मुख्य आनंद असेल तर ते जास्त योग्य. घसरत्या टक्केवारीची धाकधूक हवी असेल तर कॉल ऑफ क्थुलूला तोड नाही.

सॅनिटीचे (मनाच्या संतुलनाचे) आकडे नीट वापरा. सुरुवातीची सॅनिटी पॉवरच्या (मनोबळाच्या) आकड्याइतकी. भयंकर काही दिसलं की त्यावर दान. ‘१/१डी६’ म्हणजे यश मिळालं तरी १ जातो, चुकलं तर डी६. एका धक्क्यात ५ किंवा जास्त गेले तर बुद्धिमत्तेचं दान टाकायचं, आणि तिथे यशस्वी झालात तर वेड लागतं. उलटं वाटेल, पण समजलं म्हणूनच डोकं फिरतं असा हिशेब आहे. पहिल्या तासात गिरणीत मेलेल्या उंदरांवर सॅनिटी उडवू नका. भिडू बधिर होतात, आणि शेवटी खरी गोष्ट समोर येते तेव्हा घालवायला काही उरत नाही.

एचपी बहुधा दहा-बारा असतात आणि .३८ रिव्हॉल्व्हरची एक गोळी १डी१० घेते. पिस्तूल बाहेर काढण्याआधी भिडूंना हे आकडे वाचून दाखवा.

सोलापुरासाठी एक घरचा नियम सुचवतो. पुस्तकात परकी भाषा १ टक्क्यापासून सुरू होते. मराठी, कन्नड, तेलुगू, दखनी कानावर पडत वाढलेल्या माणसाला ते लागू करणं वेडेपणाचं आहे. प्रत्येकाला मातृभाषेखेरीज एक पेठेतली भाषा त्याच्या पात्राच्या ‘शिक्षण’ या गुणाच्या निम्म्या आकड्याने द्या. कुणाला कुठली चाळ बोलकी होते, हे त्यावर आपोआप ठरतं. आणि १९३० चा मार्शल लॉ कथेत आणणार असाल तर गोळीबाराचं आणि फाशीचं खापर कुठल्या अमानवी शक्तीवर फोडू नका. ते माणसांनी केलं होतं, कथेतही माणसांनीच केलेलं असू द्या.

प्रश्न: भुईकोट किल्ल्याभोवती, आदिलशाही आणि निजामशाहीच्या झगड्याच्या काळातलं स्वतःचं जग उभं करतोय. जादू नाही. गर्प्स, सॅव्हेज वर्ल्ड्स आणि फेट या तिघांतून काय निवडू?

तुमच्या कथेत तलवार कशी लागते हे महत्त्वाचं आहे, की किती जण लढतात, की कोण कुणाशी फितूर होतो? पहिल्याला गर्प्स, दुसऱ्याला सॅव्हेज वर्ल्ड्स, तिसऱ्याला फेट.

गर्प्समध्ये तीन साधे फासे टाकून कौशल्याइतकं किंवा कमी आणायचं. १० ला ५० टक्के, १२ ला ७४, १४ ला ९१, १६ ला ९८. मधल्या पट्ट्यात एक पॉइंट मोठा फरक करतो, वर गेल्यावर उरतो तो फक्त अवघड परिस्थितीची वजाबाकी झेलायला. एक पाळी म्हणजे एक सेकंद. तलवारीत १४ असलेला शंभरात ९१ वेळा नीट वार करतो, पण तितकाच तरबेज माणूस ३ अधिक कौशल्याचा अर्धा, म्हणजे १० वर पॅरी करतो आणि निम्मे वार अडवतो. द्वंद्व म्हणून हे अप्रतिम आहे. वीस शिपाई विरुद्ध वीस शिपाई असेल तर रात्र जाईल. गर्प्स फसतं ते सगळे पर्यायी नियम एकदम चालू केल्याने. मोफत मिळणाऱ्या ३२ पानी गर्प्स लाइटवर पहिली काही सेशन्स काढा, कॅरेक्टर १०० ते १५० पॉइंटचे ठेवा आणि शरीराच्या कुठल्या भागावर वार, थकवा, वजन हे नियम एकेक करून आणा.

सॅव्हेज वर्ल्ड्समध्ये कौशल्य म्हणजे डी४ ते डी१२ मधला एक फासा, सोबत नायकांना एक जादा डी६. दोन्हींतला मोठा घ्यायचा, ४ आले की यश. डी४ वाल्याचंही यश ६२ टक्क्यांच्या वर असतं, डी८ वाल्याचं ८१. फाशाचा सर्वांत मोठा आकडा पडला की पुन्हा टाकून बेरीज. पाळीचा क्रम पत्त्यांच्या कॅटवरून ठरतो, साधे शिपाई एका जखमेत खाली. त्यामुळे तटावरची झुंज तासाभरात आटपते. त्रास त्याच फुटणाऱ्या फाशांचा: एखाद्या फडतूस बाणाचे तीन फासे फुटतात आणि सरदार जागच्या जागी आडवा. बेनी (भिडूंना मिळणारी टोकनं) खर्चून इजा शोषायची सोय त्यासाठीच आहे, पण पुष्कळ जीएम बेनी द्यायला कंजुषी करतात. सेशनला तीन मिळतात, त्याखेरीज चांगल्या खेळीला हात सैल ठेवा. एखाद्या भिडूला जोकर आला की सगळ्या भिडूंना एकेक द्यायचा नियमही आहे.

फेटचे चार फासे −४ ते +४ देतात आणि बहुतेक वेळा शून्याच्या आसपासच पडतात. म्हणून फेट पॉइंट मोडून मिळणारा +२ जबरदस्त असतो. तुमचं कौशल्य +३ आणि गाठायचे ५ असतील, तर यश फक्त १८–१९ टक्के. एक अ‍ॅस्पेक्ट (पात्राचं वर्णन करणारी एखादी ओळ) लावली की ६२ टक्के. म्हणजे सगळा खेळ अ‍ॅस्पेक्ट कशा लिहिल्या यावर. ‘शूर योद्धा’ ही निरुपयोगी, ती कधीच उलटत नाही. ‘चुलतभाऊ निजामशाही फौजेत’ ही उत्तम: छावणीतली खबर काढायला +२ देते आणि किल्लेदाराला संशय आला की तुमच्यावर उलटवता येते. उलटवली की भिडूला पॉइंट मिळतो, तोच पुढे खर्च होतो. जीएमने उलटवायला लाज बाळगली तर दुसऱ्या तासाला सगळ्यांची झोळी रिकामी होऊन खेळ ठप्प होतो. सेशनमध्ये प्रत्येकाची एक तरी अ‍ॅस्पेक्ट उलटली पाहिजे, असं वहीत नावांपुढे खूण करत चला.

तुमच्या पत्रात किल्ल्याच्या नकाशापेक्षा घराण्यांची नावं जास्त आहेत. फेट घ्या.

प्रश्न: सोलापुरात डी२० आणि बाकीचे फासे दुकानात मिळत नाहीत. ऑनलाइन मागवेपर्यंत काय करावं?

लुडोचे फासे पुरतात. गर्प्स, डंजन वर्ल्डच्या मूव्ह, ब्लेड्स इन दी डार्क (चोरांच्या टोळीचा खेळ) हे सगळं डी६ वरच चालतं. फेटसाठी डी६ वर १–२ म्हणजे वजा, ३–४ म्हणजे कोरा, ५–६ म्हणजे अधिक. डी४ हवा तर ५ आणि ६ पुन्हा टाका. डी१२ साठी एक डी६ मोजायचा, दुसरा विषम आला तर पहिल्याचाच आकडा, सम आला तर त्यात ६ मिळवा. डी१० साठी ० ते ९ च्या चिठ्ठ्या डब्यात ठेवा, काढलेली चिठ्ठी लगेच परत टाका. चिठ्ठीसोबत डी६ टाकला आणि ४–६ आल्यास १० मिळवले की डी२० तयार, शून्याची चिठ्ठी १० मानायची.

फाशावर संशय असेल तर १२० वेळा टाका. प्रत्येक आकडा २० च्या आसपास यावा. १३ ते २७ मध्ये काही आलं तरी काळजी नको. एखादा तिशीच्या वर गेला तर पुन्हा १२०, आणि पुन्हा तोच वर आला तर फासा लुडोच्या डब्यात परत. आणि फरशीवर खेळत असाल तर खाली चादर अंथरा, टेरी टॉवेल नको. टॉवेलच्या दोऱ्यांत फासा तिरका अडकतो आणि मग त्यावरून वाद.

प्रश्न: पार्क चौकाजवळ भेटतो. गड्ड्याच्या जत्रेत चोरी करणाऱ्या टोळीचा वन-शॉट (एका बैठकीत संपणारा खेळ) डी अँड डीत केला. दोन तास बेत आखण्यात गेले, प्रत्यक्ष चोरी अर्ध्या तासात उरकली. काय चुकलं?

या कामाला दुसरं हत्यार हवं होतं. डी अँड डीत आधी न सांगितलेली वस्तू ऐनवेळी मिळत नाही, म्हणून भिडू सगळ्या शक्यता आधीच बोलून घेतात. ब्लेड्स इन दी डार्कमध्ये बेताचा प्रकार आणि एक तपशील ठरवायचा, उदाहरणार्थ ‘गुपचूप, पाळण्यांच्या मागच्या बाजूने’, की एका एंगेजमेंट रोलनंतर (सुरुवात कशी होते ते ठरवणाऱ्या दानानंतर) थेट कामाच्या मधोमध. सामान किती वजनाचं ते आधी ठरतं, कुठलं ते गरज पडेल तेव्हा. पूर्वतयारी फ्लॅशबॅकने: साधी असेल तर फुकट, गुंतागुंतीची असेल तर एक-दोन स्ट्रेस (ताणाचे गुण) देऊन. स्ट्रेसची घरं नऊच असल्याने चैन परवडत नाही.

दानात सगळ्यांत मोठा फासा मोजतात: ६ पूर्ण यश, ४–५ किंमत मोजून, १–३ बिघाड. एका फाशाला बिघाड ५० टक्के, दोनांना २५, तीनांना साडेबारा. नवे जीएम धोक्याची पातळी आणि परिणाम न सांगताच फासे टाकायला लावतात, आणि नंतर वाद होतो. आधी सांगा, मग टाकू द्या.

डी अँड डी सोडायचंच नसेल तर निदान क्लॉक उसनं घ्या. वर्तुळाचे सहा भाग करा, नाव द्या ‘पोलिसांना सुगावा’, प्रत्येक चुकलेल्या चेकला (कौशल्याच्या दानाला) एक भाग भरा. बेताची चर्चा मोबाइलवर दहा मिनिटं लावून तोडा.

प्रश्न: मे महिन्याच्या सुट्टीत दहा-बारा वर्षांची सहा मुलं, दुपारचे दोन तास. कॅरेक्टर बनवण्यातच वेळ जातो.

लेझर्स अँड फीलिंग्ज, एका पानाचा मोफत खेळ. प्रत्येकाने २ ते ५ मधला एक आकडा निवडायचा. डोक्याच्या कामाला फासा त्या आकड्याखाली हवा, मनाच्या कामाला वर. बरोबर तोच आला तर यश, शिवाय एक प्रश्न विचारायचा आणि जीएमने खरं उत्तर द्यायचं. तयारी असेल तर एक जादा फासा, त्या कामात तरबेज असाल तर आणखी एक. अंतराळयानाऐवजी एसटीची गाडी घेतलीत तरी नियम बदलावा लागत नाही. सहा मुलांना पाळी डावीकडून उजवीकडे द्या, नाहीतर मोठ्या आवाजाची दोघंच खेळतील.

प्रश्न: पंढरपूरहून लिहितोय. डी अँड डीचं कॅम्पेन (अनेक सेशन्स चालणारी कथा) पाचव्या लेव्हलला आहे. ते तसंच पाथफाइंडरच्या दुसऱ्या आवृत्तीत नेता येईल का?

कथा नेता येईल, आकडे नाही. हातातलं प्रकरण संपवा आणि मग प्रत्येकाचं कॅरेक्टर पाचव्याच लेव्हलला नव्याने बनवा. क्लासचं नाव जुळवण्यापेक्षा तो टेबलावर काय करत होता ते जुळवा. मुख्यतः शत्रूला शाप देणारा वॉरलॉक तिकडे विच या क्लासचा म्हणून जास्त शोभेल. जादूच्या वस्तू बदलून देताना शस्त्रांकडे लक्ष असू द्या. पाथफाइंडरचं गणित चौथ्या लेव्हलच्या सुमाराला +१ स्ट्रायकिंग (इजेचा एक जादा फासा देणारं) शस्त्र हातात आहे असं धरूनच चालतं, आणि पाचव्याला +१ चिलखत येतं. डी अँड डीतली साधी तलवार तशीच पुढे नेलीत तर पहिल्याच लढाईत सगळ्यांचा इजेचा एक अख्खा फासा कमी पडेल आणि दोष सिस्टिमला जाईल. वस्तू वाटत बसायच्या नसतील तर ऑटोमॅटिक बोनस प्रोग्रेशन हा पर्यायी नियम चालू करा, त्यात हे बोनस लेव्हलबरोबर आपसूक मिळतात.